सनद, परवाना आणि फुंकर

‘एकच प्याला’ वर्गात शिकवताना आपण सहसा प्याल्यापासून सुरुवात करतो. शीर्षकच तसे आहे, आणि परीक्षेतले प्रश्नही सुधाकराचा अधःपात, सिंधूची पतिनिष्ठा, तळीरामाचा विनोद यांच्याभोवतीच फिरत असतात. पण राम गणेश गडकऱ्यांनी पहिला प्याला सुधाकराच्या हाती देण्यापूर्वी त्याच्या हातून एक वस्तू काढून घेतली आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे वकिलीची सनद. कोर्टात न्यायाधीशाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते, आणि अपमान व रिकामपण यांच्या त्या कात्रीत सापडलेल्या सुधाकरापुढे त्याचाच कारकून तळीराम औषध म्हणून दारू धरतो. फेब्रुवारी १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगमंचावर आणले, तेव्हा गडकरी हयात नव्हते. महिनाभर आधीच सावनेरला त्यांचे निधन झाले होते. सावनेर आमच्या विदर्भातले. त्यामुळे या नाटकावर आमचा थोडा अधिक हक्क आहे, असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असते.

मुद्दा क्रमाचा आहे. दारूपायी सनद गेली, असे आपण घाईत म्हणून जातो. नाटकात आधी सनद जाते आणि मग दारू येते. ज्याच्या दिवसाला त्या कागदाने आकार दिला होता, त्याचा दिवस अचानक मोकळा पडतो, आणि त्या मोकळ्या जागेत तळीराम येऊन बसतो. गडकऱ्यांना दारूचे दुष्परिणाम दाखवायचे होते, हे खरेच; पण कागद काढून घेतल्यावर माणसाचे काय होते, हेही त्यांनी जाता जाता दाखवले आहे. अलीकडे हा भाग शिकवताना मला वकील दिसत नाही. ड्रायव्हर दिसतो. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला त्याचे नवल वाटू नये.

सनद हा शब्द आता मागे पडला, परवाना राहिला. दोन्ही फारसीतून आलेले. फारसी-उर्दू कवितेत परवाना म्हणजे ज्योतीभोवती फिरून जळून जाणारा पतंग. मराठीने तो पतंग काही घेतला नाही. आपल्याकडे आला तो शिक्क्याचा, सहीचा परवाना. (भाषा काय उचलते आणि काय सोडते, यावर कोणी तरी एकदा स्वतंत्रपणे लिहायला हवे. असो.) तरी महाराष्ट्रात पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण त्याच्यापाशी कायद्याने दोन परवाने असायला हवेत. एक गाडी चालवण्याचा. दुसरा पिण्याचा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, तो रद्द झालेला नाही. कागदोपत्री हे राज्य दारूबंदीचेच आहे आणि जो पितो तो अपवाद म्हणून, परवान्यावर पितो. एका दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपयांना आणि विदेशीसाठी पाच रुपयांना मिळत आला आहे. माझ्या परिचयातल्या पिणाऱ्यांपैकी तो खिशात बाळगणारा मी एकही पाहिलेला नाही. एक परवाना कोणी मागत नाही म्हणून कोणाकडे नसतो. दुसरा मात्र नसला तर चूल पेटत नाही.

या दुसऱ्या परवान्याबद्दलचा कायदा थोडक्यात सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले कलम १८५ असे, की शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हा दंड पूर्वी दोन हजारांपर्यंत होता; २०१९ च्या दुरुस्तीने तो दहा हजार झाला. पण ड्रायव्हर मंडळींत दंडापेक्षा दहशत आहे ती ‘लायसन जमा’ होण्याची. रस्तासुरक्षेसाठी नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना कळवले, की पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीने ते तीन महिने कायद्याच्या मजकुरातच आणले: पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, दुसऱ्याला परवाना रद्द, आणि जमा झालेले कार्ड परत हवे असेल तर उजळणीचे प्रशिक्षण. हुकूम काढण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे, असेही त्यात आहे. त्याकडे पुढे येते.

यवतमाळच्या नकाशाकडे पाहिल्याशिवाय यातली खोच कळायची नाही. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी आमची हद्द आखते. नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या पुण्याईने, १९७५ पासून दारूबंदी. त्यापलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून. वणीच्या समोरचा चंद्रपूर जिल्हा १ एप्रिल २०१५ पासून कोरडा झाला आणि २०२१ मध्ये ती बंदी उठली. मधली सहा वर्षे आम्ही दोन कोरड्या जिल्ह्यांना लागून असलेला ओला जिल्हा होतो. दारू प्यायची तर पूल ओलांडून यायचे, आणि प्यायल्यावर पूल ओलांडून परत जायचे. कळंबकडून देवळीकडे जाणारा रस्ता काय, वणीहून वरोऱ्याकडे नेणारा पाटाळ्याचा पूल काय, संध्याकाळनंतर तिथल्या गाड्या कोणत्या दिशेने सरळ आणि कोणत्या दिशेने वाकड्या जातात, हे पूलच सांगू शकले असते. बंदीने चंद्रपुरातल्या कित्येक बायांना दिलासा दिला, हे मी नाकारत नाही. पण जी दारू पूर्वी घराजवळच्या दुकानात पायी जाऊन प्यायली जात होती, तिला आता गाडी लागू लागली, हेही तितकेच खरे.

महामार्गांचेही तसेच झाले. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूदुकाने बंद करण्याचा आदेश दिला. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर दोनशे वीस मीटरवर आणले. मग राज्यात टेपा निघाल्या, अंतरे मोजली गेली, काही शहरांतून जाणारे राज्यमार्ग स्थानिक संस्थांकडे वर्ग करून ते ‘महामार्ग’च राहू नयेत अशीही तजवीज झाली. रस्ता तोच, डांबर तेच, नाव तेवढे बदलले. संज्ञा बदलल्याने वस्तू बदलते का, हा साहित्यशास्त्रातला जुना प्रश्न आबकारी खात्याने इतक्या व्यवहारी पद्धतीने सोडवलेला पाहून मला त्या वेळी मौज वाटली होती. नागपूर-हैदराबाद महामार्ग आमच्या वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरीवरून तेलंगणाकडे उतरतो. तिथल्या ढाब्यांवर रात्री थांबणाऱ्या ट्रकवाल्याला पाचशे मीटर म्हणजे जेवणानंतरची शतपावली.

शिवाय हा जिल्हा रस्त्यावरच जगत आला आहे. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू व्हायला २०२४ उजाडले. शाळा, दवाखाना, कापसाचा बाजार, कोर्टाची तारीख, सगळे एसटीने नाही तर काळी-पिवळीने. ज्याच्याकडे एकर-दीड एकर कोरडवाहू आहे आणि त्यावर भागत नाही, तो पहिले काम शिकतो ते स्टेअरिंग धरण्याचे. कोळशाचा ट्रक, कापसाचा मेटॅडोर, शाळेची व्हॅन, लग्नाची जीप. या माणसांच्या खिशातले कार्ड ही त्यांची सातबाऱ्याहून भरवशाची मालमत्ता असते.

अशाच एकाची कथा थोडी सांगते. आमच्या भागात राहणारा, काळी-पिवळी चालवणारा, चाळिशीतला माणूस. गाडी मालकाची, हा रोजावर. एका लग्नाहून वऱ्हाड सोडून रिकामी गाडी आणताना नाकाबंदीत सापडला, नळीत फुंकला, आकडा तिसाच्या बराच वर निघाला. अपघात झाला नव्हता. कोर्टात कबुली दिली, दंड भरला. त्यासाठी बायकोच्या बचत गटातून पैसे उचलले. पुढे परवाना निलंबित का करू नये, अशी कारणे दाखवा नोटीस आली. तिचे उत्तर लिहून घ्यायला तो माझ्याकडे आला. मी मराठीची प्राध्यापक, म्हणजे माझा अर्ज चांगला असणार, असा त्याचा हिशेब.

‘मॅडम, पेलो होतो हे लिहाच. खोटं लिहू नका,’ तो म्हणाला. ‘पन तीन महिने पोटाचं काय करू, थे बी लिहा.’

मी लिहायला बसले आणि अडले. पेलो होतो, हे एका वाक्यात लिहून झाले. पोटाचे वाक्य कोणाला उद्देशून लिहायचे? कायदा अधिकाऱ्याला दोनच गोष्टी करू देतो: कारण पटले तर सोडून द्या, नाही तर तीन महिने अपात्र ठरवा. ‘याला दिवसा चालवू द्या, रात्री नको’, ‘याला चालवू द्या पण अमुक अटीवर’, असे लिहायला त्या हुकुमात जागाच नाही. मग अर्जात तरी ते कसे मागायचे? मी कुटुंबाची परिस्थिती, दोन शिकणारी मुले, पूर्वीचा स्वच्छ इतिहास असे नेहमीचे लिहिले. वाचून दाखवले. तो ऐकत राहिला आणि मग सहज म्हणाला, ‘त्या राती गाडी सुरूच झाली नसती तं बरं झालं असतं.’

हे वाक्य अर्जात बसले नाही. पण ते माझ्या डोक्यातून गेलेही नाही, कारण व्याकरण शिकवणारीला त्यात क्रियापदाचा संकेतार्थ ऐकू येतो. आपला परवाना आज्ञार्थात बोलतो: चालव, किंवा चालवू नकोस. ‘अमुक असेल तर तमुक’ हे रूप त्याला येत नाही. आणि या माणसाला नेमके तेच हवे होते. गंमत म्हणजे त्याने जे बोलून दाखवले, ते यंत्र जगात आहे.

त्याला इग्निशन इंटरलॉक म्हणतात. गाडीच्या स्टार्टरला जोडलेली एक नळी. बसायचे, फुंकायचे, श्वासात मद्यार्क ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच इंजिन सुरू होते. रस्त्यात मध्येच यंत्र पुन्हा फुंकायला सांगते, म्हणजे सुरुवातीला दुसऱ्या कोणाकडून फुंकून घेऊन निघता येऊ नये. प्रत्येक फुंकरीची नोंद राहते आणि ती ठरावीक मुदतीने तपासली जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये याचा पहिला कायदा केला. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये पहिल्याच गुन्ह्याला हे यंत्र सक्तीचे केले. स्वीडनमध्ये मद्यार्काची मर्यादा आपल्याहून कडक, शंभर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम. पण तिथे २०१२ पासून दोषी माणसाला निवड देता येते: परवाना गमावून बस, किंवा एक-दोन वर्षे हे यंत्र लावून चालव. युरोपातल्या परवान्यावर त्यासाठी एक सांकेतिक आकडाही आहे, ६९. ज्याच्या कार्डावर तो आकडा, त्याने फक्त असे यंत्र बसवलेलीच गाडी चालवायची. चष्मा लावूनच चालवावे, यासाठी जसा आकडा असतो तसाच हा. म्हणजे संकेतार्थ कार्डावर छापता येतो.

आपल्या मोटार वाहन कायद्यात अशा शिक्षेची तरतूद नाही. मला ती हवीशी वाटते, आणि त्याचे कारण कनवाळूपणा नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. पण पोळलेल्याला ताकच पिऊ न देणे आणि त्याला फुंकून प्यायला लावणे यांत फरक आहे. निलंबन हे निव्वळ काढून घेणे आहे. ते माणसाला तीन महिने रिकामे करते आणि त्या तीन महिन्यांत तो काय करतो, याची चौकशी करत नाही. काही जण तसेच, कार्डाशिवाय, आडरस्त्याने चालवतात. पकडले गेले तर आणखी एक गुन्हा, आणि अपघात झालाच तर विम्याची कंपनी हात वर करायला मोकळी. बाकीचे घरी बसतात. तळीराम काही फक्त गडकऱ्यांच्या काळात नव्हता.

इथे पुण्याची आठवण येतेच. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवत होता सतरा वर्षांचा मुलगा, आणि तो पबमधून पिऊन निघाला होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यांत अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर संताप उसळला आणि काही दिवसांत त्या आदेशात बदल झाला. संताप रास्तच होता. पण ज्या साहित्यप्रकारावर आपण पोट भरतो, तो अचानक दंडसंहितेत दाखल झालेला पाहून माझ्यासारखीला वेगळीच लाज वाटली. नंतर परिवहन विभागाने जाहीर केले, की त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत वाहन परवाना मिळणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीत अल्पवयीनांसाठी तशी तरतूद आहे. महाराष्ट्रात कडक दारूच्या परवान्याचे किमान वयही पंचवीसच. दोन्ही परवाने एकाच वाढदिवशी! पण ज्याच्या घरी चालक ठेवलेला असतो, त्याला पंचविशीपर्यंत परवाना न मिळणे आणि आमच्या काळी-पिवळीवाल्याला तीन महिने न मिळणे, यांतली जबर शिक्षा कोणती, हे वर्षे मोजून ठरत नाही. तिथे मागितला गेला निबंध, इथे अर्ज. निबंधाला निदान शब्दमर्यादा होती.

यंत्राच्या बाजूने इतके लिहिल्यावर त्याच्या विरुद्ध जे आहे तेही मांडायला हवे, आणि ते कमी नाही. यंत्राचा खर्च परदेशात बहुधा दोषी माणसानेच सोसायचा असतो. रोजावरचा ड्रायव्हर तो कुठून आणणार, आणि मालक आपल्या गाडीला ते का लावून घेईल? आपल्याकडे ट्रकला क्लीनर असतो आणि पहिल्याच आठवड्यात फुंकरीचे काम त्याच्याकडे जाईल, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. सर्वांत मोठी अडचण दुचाकीची. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के. हे यंत्र प्रामुख्याने मोटारी आणि जड वाहनांसाठी घडले आहे. किक मारून निघणाऱ्याच्या तोंडाशी नळी धरायला ते कुठे जाणार? आणि आणखी एक. यंत्र बसवलेले असते तोवर पुन्हा पिऊन चालवण्याचे प्रमाण घटते, काढल्यावर तो परिणाम टिकत नाही, असे २००४ च्या कॉक्रेन आढाव्यातही आढळले होते. यंत्र गाडी अडवते. तहान अडवत नाही.

हे मला त्या ड्रायव्हरच्या बायकोने कोणत्याही आढाव्याशिवाय सांगितले. ती बचत गटाच्या बैठकांना जाणारी. आमच्या जिल्ह्यात स्वामिनी आंदोलनाने संपूर्ण दारूबंदीची मागणी कित्येक वर्षे लावून धरली आहे, त्याच्या मोर्चातही ती गेलेली. गावातल्या पंचवीस टक्के बायांनी मागणी केली तर मतदान होते आणि निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते, हा नियम तिला माझ्यापेक्षा नेमका ठाऊक होता. मी तिला उत्साहाने इंटरलॉकची माहिती दिली. तिने शांतपणे ऐकून घेतले.

‘मॅडम, गाडीले मशीन लावान. घराले कोनतं लावता?’

सिंधूचा प्रश्न हाच होता, फक्त तिला तो विचारता आला नाही. ती दळण दळत राहिली. आपले सगळे परवान्यांचे राज्य रस्त्यासाठी आहे. रस्त्यावर दुसऱ्याचा जीव असतो, म्हणून तीस मिलिग्रॅम. घरात किती मिलिग्रॅम, हे कोणी मोजत नाही. ही बाई आडवी बाटली मागते ती पूर्ण आज्ञार्थात, आणि तिच्या अनुभवाला संकेतार्थाचा भरवसा नाही. तिच्या नवऱ्याच्या अर्जात मी तिची बाजू लिहिली नव्हती. लिहिता आलीही नसती, कारण तिला दोन परस्परविरुद्ध गोष्टी हव्या होत्या: त्याचे काम सुटू नये, आणि त्याच्या हाती रोजचा पैसा येऊ नये. मला दोन्ही पटतात. तरीही तीन महिन्यांच्या निलंबनाने तिला यांतली नको तीच गोष्ट दिली, असे माझे मत आहे. पैसा आटला, माणूस घरी आला, आणि दारू उधारीवर सुरू राहिली.

अर्जाचा उपयोग झाला नाही. तीन महिन्यांचा हुकूम निघाला. दिवाळीनंतरचे दिवस होते, जिनिंगमध्ये कापूस येऊ लागला होता. तो काही आठवडे तिथे गाठी चढवायला गेला, मग कंबर धरली म्हणून बसला. मालकाने काळी-पिवळी आठवड्याभरातच दुसऱ्या माणसाकडे दिली होती; हंगामात गाडी उभी ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. उजळणीचे प्रशिक्षण झाले, कार्ड परत मिळाले, प्लास्टिकचे, पूर्वी होते तसेच कोरे. जुन्या पुस्तकी परवान्यात शेरे मारायला निदान पाने असत. दिवसाची गाडी त्याला काही मिळाली नाही. सध्या तो वणीकडे कोळशाच्या ट्रकवर आहे, रात्रपाळीला.